सातेरीच्या तळीतलं दूध

लाईट गेली की आनंदाने टाळ्या पिटणारं गाव तुम्ही पाहिलंय का? एरवी लाईट गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही माणसं, पण ह्या मोहोराच्या हंगामात दुपार झाली की तांबे-कळश्या घेऊन लाईट जायची वाट बघत बसायची. कारण लाईट गेली की सातेरीच्या तळीत दूध यायचं!

थट्टा नाही. सातेरीदेवीच्या देवळालगतची, जांभ्या दगडात बांधलेली लहानशी तळी, वर हापूसच्या बागांचा डोंगर, खाली वाडी आणि वाडीची पिण्याची विहीर. दुपारी देवळातला कर्णा बंद पडला, की थोड्याच वेळात तळीच्या पलीकडच्या अंगाला पाण्याच्या तळातून पांढराशुभ्र लोट वर येऊ लागे. बाया हात जोडत, पुरुष बाटल्या घेऊन पाण्यात उतरत. बांद्यापासून फोंडाघाटापर्यंतच्या गाड्या देवळासमोर लागू लागल्या. फणसाखाली चहाची टपरी उभी राहिली.

दूध आलं, तसे साय खायला दूधनाथ महाराजही आले. कुठून आले कोण जाणे, पण आठवडाभरात देवीपुढे घालायचं गावाचं गाऱ्हाणं तोंडपाठ करून बसले.

"वीज गेली म्हणता? अरे वेड्यांनो, वीज जात नाही, आई तिला बाजूला सारते! दोन शक्ती एका जागी नांदतील कशा? बा सातेरी माये, ह्या लेकरांची खाज, खोकला, कोर्टकचेरी काय आसात ती तुझ्या दुधान धुवन टाक..."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात.

एकदा तळीतले मासे उताणे होऊन तरंगू लागले. महाराज क्षणभर चपापले, पण लगेच सावरले. "मोक्ष! दुधात न्हाऊन मोक्षाला गेले!"

"मगे बेडकांकय मोक्ष गावलो काय?" म्हातारा गंगाराम मागून बोलला. "रात्री एकय ओरडणा नाय." पण त्याला चारचौघांनी दटावून खाली बसवलं.

हे सगळं देवळाच्या पायरीवरून बघत उभे होते धुरी सर. गुरुप्रसाद धुरी, हायस्कुलातले विज्ञानशिक्षक. लिंबातून रक्त काढायचं, नारळ आपोआप पेटवायचा, आणि मग त्यातली गोम पोरांना समजावून सांगायची, हा त्यांचा आवडता उद्योग. तालुक्यातल्या निम्म्या भगतांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. डोंगरावरची मोठी बाग त्यांचीच. देवस्थानाचे ते विश्वस्तही होते, तेवढं मात्र बायकोच्या आग्रहाखातर.

"चुन्याची नाहीतर पिठाची पुडी सोडतोय लेकाचा," सर शिक्षकांच्या खोलीत सांगत. "एकदा रंगेहाथ पकडतो, मग बघा." त्यांना मजा वाटत होती. बाबाची फजिती कशी करायची, हे ते रात्री अंथरुणात घोळवत.

मजा संपली ती समर्थमुळे.

समर्थ हा बाबलीचा पाच वर्षांचा मुलगा. बाबली सरांच्या बागेत फवारणीला असे. पोराच्या अंगाला बरेच दिवस खाज होती, रात्री खोकायचा. त्याची आई मथुरा त्याला महाराजांकडे घेऊन गेली. "पहिल्या धारेचं दूध पाज," महाराज म्हणाले. मथुरेने लोट जिथून वर येत होता तिथेच तांब्या बुडवला आणि पोराला आग्रह करकरून पाजला. संध्याकाळी पोर घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता.

बाबलीने सरांच्या अंगणात येऊन टाहो फोडला. सरांनी स्वतःची गाडी काढली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर इशिता यांनी पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

"बाहुल्या बघा, टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. कपड्यांना वास येतोय. सर, हे कीटकनाशक आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्यायला हवं, आत्ताच."

रुग्णवाहिकेत पोराचा हात धरून मथुरा रडत होती. धुरी सर तिच्या समोर बसले होते, आणि त्यांच्या मनात पहिला विचार काय आला? सापडला! बाबा सापडला! पोर वाचेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सर बाबाची फजिती कशी करायची ते ठरवत होते. ह्या विचाराची लाज त्यांना पुढे फार वाटली, पण त्या संध्याकाळी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, पोराने डोळे उघडले. दुपारी सर तळीवर पोचले. आभाळ भरलं होतं. असं मळभ आलं की मोहोरावर तुडतुड्याची कीड चढते, म्हणून बाबली ओरोसला असला तरी सरांनी दुसऱ्या गड्याला, महादूला बोलावून फवारणीला लावलं होतं. पीक काही कुणासाठी थांबत नाही, असं ते बायकोला म्हणाले होते.

गर्दी जमलीच होती. सरांनी देवळाच्या पायरीवर काचेचा ग्लास ठेवला, त्यात स्वच्छ पाणी ओतलं. खिशातून आपल्या गोदामातली बाटली काढली.

"मंडळी, ह्या बाटलीत आंब्यावर मारायचं औषध आहे. रंग बघा, पिवळसर. आता बघा चमत्कार."

त्यांनी चार थेंब सोडले. थेंब पाण्यात पडले आणि ग्लास दुधासारखा पांढराफटक झाला. बायांनी तोंडावर पदर धरले.

"तेलात विरघळवलेलं विष असतं हे. पाण्यात गेलं की त्याचे बारीक बारीक कण होतात, म्हणून पांढरं दिसतं. हेच तुमचं सातेरीचं दूध! ह्यानेच समर्थ मरता मरता वाचला. आणि हे तळीत ओतणारा हा इथे बसलाय!"

गर्दी महाराजांकडे वळली. कोणीतरी शिवी हासडली. महाराजांचा चेहरा पांढरा पडला, ग्लासातल्या पाण्यापेक्षाही.

"आईशपथ नाही! झोळी बघा, खोली बघा! मी तळीत बोटसुद्धा बुडवलेलं नाही!"

चार पोरांनी खोली उलटीपालटी केली. नारळ निघाले, उदबत्त्या निघाल्या, साखरफुटाणे निघाले. बाटली एकही नाही.

"लपवली असेल!" सर ओरडले. आणि तेवढ्यात देवळातला कर्णा मध्येच गप्प झाला.

लाईट गेली होती.

सगळे तळीकडे धावले. पलीकडच्या अंगाला पाणी ढवळलं, पांढरा लोट उसळून वर आला. महाराज सरांच्या शेजारी, दहा जणांच्या मुठीत. म्हाताऱ्या बाया गुडघ्यांवर बसल्या. "माये, चुकला आमचा, पदरात घे."

सर चपलांसकट पाण्यात उतरले. लोट येत होता तिथे खाली हात घातला. हाताला दोरी लागली. दोरी ओढली, तशी वर आली ती मोटर. विश्वस्तपणाच्या जोरावर तळीत सोडलेली, बागेत पाणी चढवणारी, त्यांचीच मोटर. तिच्या जाळीतून पांढरं पाणी भडाभडा गळत होतं.

डोंगरावरून महादू धापा टाकत खाली येत होता. "सर! लाईट गेली, आनि टाकी परत खाली झाली बघा! औषद सगळा खंय गेला कोण जाणे!"

 मोटरपासून निघालेला काळा पाइप झुडपांतून वर, डोंगरावर, सरांच्या बागेत गेला होता. सगळ्यांच्या नजरा त्या पाइपाबरोबर वर गेल्या आणि परत सरांवर आल्या.

"बघा, बघा!" महाराजांना कंठ फुटला. "पाइप कुणाचा? विचारा तुमच्या सरांना!"

एक लबाड माणूस खरं बोलत होता. कमरेएवढ्या पाण्यात ते उभे राहिले. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं.

"पाइप माझा," ते शेवटी म्हणाले. वर्गात असतो तो आवाज त्यांना सापडेना. "टाकीत आधी औषध टाका, मग वरून पाणी सोडा, म्हणजे ढवळायचे कष्ट वाचतात, हे मीच शिकवलं. पाइपाचं तोंड टाकीच्या तळाला बांधा, हेही मीच. लाईट गेली की पाइपातलं पाणी उतारावरून मागे येतं, आणि येताना टाकीतलं औषध ओढून आणतं. ते अडवायला मोटरीवर एक झडप असते. शेवाळ धरून तुंबायची, म्हणून मी ती काढून टाकायला लावली. देवी नाही, बाबा नाही. मी."

"आनि मोक्षवाले मासे?" गंगारामने विचारलं.

"तेही मीच मारले. बेडूकही. बागेत हल्ली मधमाशी दिसत नाही, तेही मला दिसत होतं. बाटलीवर लिहिल्याच्या दुप्पट औषध मारायचो, दुकानदार म्हणाला म्हणून. त्याला मी पुरावा कधी विचारला नाही." मग ते महाराजांकडे वळले. "तुम्ही ओतलं नाहीत, खरं आहे. पण इतक्या दिवसांत एक घोट स्वतः का घेतला नाहीत?"

"माझा... माझा उपास असतो," महाराज पुटपुटले. कुणीतरी फिस्सकन हसलं. पण ते हसू लगेच विरलं, कारण तांबे सगळ्यांच्याच हातात होते. संध्याकाळपर्यंत झोळी आणि महाराज दोन्ही गावातून गेले. तळीभोवती दोरी बांधली गेली. डॉक्टर इशिता यांनी तळीचं पाणी प्यायलेल्या प्रत्येकाला तपासायला बोलावलं, आणि रांग देवळातल्या रांगेपेक्षा लांब झाली.

धुरी सर ओरोसला गेले. समर्थ खाटेवर झोपला होता, हाताला सलाईन. मथुरा उठून उभी राहिली.

"सर, तुमी नसतात तर माझो झील गेलो असतो. देवासारखे धावलात."

सरांनी तिला सगळं सांगितलं. भाषण नाही, सरळ सांगितलं. बाबली भिंतीला टेकून ऐकत होता.

"पन सर, मी काय वायट नाय केलंय," तो घाबरून म्हणाला. "तुमी सांगल्यात तसाच. औषद आदी, पानी मागसून."

"तू नाय चुकलंस, बाबली. मी चुकलंय." सरांना त्याच्याकडे बघवेना. त्याचे सोललेले हात ते रोज बघत होते, आणि उष्णता असेल, ताक पी म्हणून सांगत होते.

मथुरा समर्थच्या खाटेवर टेकली. मग म्हणाली, "बाबाक आमी काय इचारूक नाय. तेनी देवाचा नाव घेतल्यान, म्हणान गप ऱ्हवलंव. आनि तुमका इचारूक नाय, कारण तुमी शिकलेले. दोनीकडे आमीच गप."

"आतापासून विचार, मथुरा. बाबाक विचार, दुकानदाराक विचार, पयला माका विचार. बाटलीत काय आसा, किती घालूचा, खंयच्या पाण्यात जातला. उत्तर पटला नाय, तर कोणी कितीय मोठो असांदे, ऐकू नको."

"मगे आताच इचारतंय." तिने पोराच्या अंगावरची चादर सारखी केली. "हंगामभर तळीत दूद दिसला. तेच्या आदी तळी साफ होती. तेवा काय औषद तळीत नाय जायत होता?"

सर उत्तर द्यायला लागले तोच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आधीच्या वर्षांचं औषध वेगळं होतं. पाण्यात पडलं की रंग न येणारं. आणि तळीचं पाणी झिरपत खाली वाडीच्या विहिरीत उतरतं, हे त्यांनी स्वतः सातवीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. झडप काढली तो दिवस त्यांना स्पष्ट आठवला. बाबलीला त्या दिवशी घाई होती, बायकोला तपासायला न्यायचं होतं. "साफ करत बसू नको, काढून टाक आणि जा," असं सर म्हणाले होते.

नाही म्हणणं सोपं होतं. तिने विश्वास ठेवला असता.

"जायत होता," सर म्हणाले. "दिसत नव्हता, इतक्याच. समर्थ तुझ्या पोटात होतो, तेवापासून."