हिरवं घर

मेथी निवडता निवडता भानुमतीबाई सुनेच्या लॅपटॉपवर आपली गल्ली बघत होत्या. वरून मुकुंदवाडीतली घरं काड्यापेट्यांसारखी दिसत होती. काही हिरवी, काही लाल.

“आई, शहराचा विकास कुठवर आला ते हे यंत्र सांगतं,” मनस्विनी म्हणाली. ते यंत्र तिच्याच कंपनीनं बनवलं होतं. “उपग्रहाचे फोटो, विजेची बिलं, सगळं वाचतं. पाणी पोचलेलं घर हिरवं, न पोचलेलं लाल. नवे नळ आधी लाल घरांना.”

“म्हणजे शहजादीचा नंबर लागला म्हण की.”

शेजारच्या शहजादीकडं नळ नव्हता. पाणी आलं की भानुमतीबाई पाइप आधी भिंतीपलीकडं टाकत, मग आपली टाकी भरत. गुलमंडीत माहेरच्या हौदावर आई असंच करायची. शेजारणीची घागर पहिली. शहजादीचे मालक हबीबभाई वारले त्या वर्षी त्यांनी आपली जुनी टाकीही शहजादीच्या गच्चीवर चढवून दिली होती.

मनस्विनीनं चित्र मोठं केलं. शहजादीचं घर हिरवंगार होतं.

भानुमतीबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. “अगं, तिच्याकडं नळ कुठाय?”

“नळ वरून दिसत नाही, आई. टाकी दिसते.” सून म्हणाली. “गच्चीवर टाकी म्हणजे घरात पाणी, असं आम्हीच त्याला शिकवलंय.”

“मग सांग त्याला, चुकलास म्हणून.”

“मी कळवते. पण नवा फोटो आल्याशिवाय तो रंग बदलत नाही. आणि फोटोत टाकी असणारच.”

भानुमतीबाईंनी जुडी खाली ठेवली. “माझ्या टाकीनं तिचा नळ खाल्ला गं.”

शहजादीला सांगितलं, तर ती आधी हसली. “इतक्या वरून बघतो, आणि माझी घागर नाय दिसत त्याला?” मग पदर खोचून म्हणाली, “ताई, उतरवा टाकी.”

तिघींनी दोर बांधून टाकी खाली घेतली. पुढं शहजादी घागरी, बादल्या, पातेली, नातवाचा टबसुद्धा भरून ठेवू लागली. पाइप भिंतीवरून जातच होता.

एका दुपारी मनस्विनीचा ऑफिसातून फोन आला. “आई, नवा फोटो आला. शहजादीमावशींचं घर लाल झालं.”

संध्याकाळी शहजादी वाटीत साखर घेऊन आली. “मुबारक, ताई. त्याला पटलं, माझ्याकडं पाणी नाय.”

भानुमतीबाईंनी साखर तोंडात टाकली. नळाला पाणी आलं, तसा त्यांनी पाइप उचलून आधी भिंतीपलीकडं टाकला.