आधी चुंबळ

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. डोईवर ओझं घेताना खाली ठेवतात, ती चिंध्यांची गोल वळी. औंढ्याच्या अंबूबाईनं आईच्या विटक्या लुगड्यातून मला वळलं. वलवणच्या अंगाला एका बंधाऱ्याचं काम निघालं, तेव्हा तिच्या डोक्यावर बसून मीही कामाला लागले. दगडाची धार माझ्या अंगात रुतायची, तिच्या टाळूत नाही. याचा मला केवढा अभिमान!

बाया दगडांच्या पाट्या घेऊन ओळीनं चालत, गात:

"डोईवर दगूड बाई, दगडाखाली चुंबळ,
चुंबळीखाली जीव माझा, त्याला कुनाचं गं बळ?"

मुकादम महिपतीला हे गाणं खुपायचं. बायांना तो नावानं हाक मारत नसे, "ए म्हशे!" म्हणे. एकदा पोटुशी बयाबाई भोवळ येऊन बसली, तर हा छडी घेऊन धावला. अंबूबाई आडवी आली.

"मुकादम, दोन जिवांची हाय ती. बसू द्या घटकाभर."

"तू कोन मला शिकवनारी?" त्यानं मला तिच्या डोक्यावरून हिसकलं आणि बुटानं चिखलात लाथाडलं. "हिच्या पाटीला कुनी हात लावायचा न्हाई! सांजपत्तोर हा ढीग हलला न्हाई, तर उद्या कामावर यायचं न्हाई!"

मित्रांनो, भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावाच लागतो. अंबूबाई धडपडली, पाटी कलंडली, दगड तिच्या पायावर आले. महिपती हसला. मी चिखलात पडून रागानं जळत होते.

मग बयाबाईनं आपली चुंबळ काढली, भुईवर ठेवली आणि तिच्यावर बसली. मग रतनबाई. मग सगळी ओळ.

"उठा की गं!" महिपती ओरडला.

"अंबूला हात न्हाई, तर कुनालाच न्हाई," रतनबाई म्हणाली. "आता तुमीच लावा."

भिंतीवरून गवंडी ओरडले, "दगूड कुटं हायेत, मुकादम?" काम बघायला येणाऱ्या साहेबाची फेरी जवळ आली होती. महिपती दातओठ खात वाकला, अंबूबाईच्या पाटीला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी चुंबळ."

त्यानंच मला चिखलातून उचललं.

तो सुधारला नाही. शिव्या चालूच राहिल्या. पण लाथ पुन्हा उठली नाही, आणि बयाबाई सावलीत बसू लागली. त्या बुटाचा डाग अंबूबाईनं कधी घासला नाही. मलाही तो राग धुवायचा नाही. मित्रांनो, मला फडताळात जपू नका. कुणाच्या पाटीला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटेल, तेव्हा पुढं व्हा. हात लावा.