आठवा फर्मा

"अहो, इकडे या आधी! न्यायाधीशाच्या बंगल्यात सासूबाई शिरल्यात!"

नवरा अर्ध्या दाढीनिशी स्वयंपाकघरात आला. एका गालावर साबण, दुसऱ्या गालावर काळजी. "कोण, आई?"

"तुमची आई नव्हे हो. माझ्या कादंबरीतल्या सासूबाई. हे बघा, पान एकशे तेरा."

टेबलावर ज्येष्ठ कादंबरीकार नानांची नवी कादंबरी उघडी होती. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी निवृत्त न्यायाधीश व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून मावळत्या सूर्याला 'न्याय म्हणजे तरी काय' असं विचारत होता. पान उलटलं आणि बंगला, व्हरांडा, सूर्य सगळंच गायब. तिथे एक सून शिवणयंत्र चालवत होती आणि कानांनी पार गेलेली तिची सासू यंत्राच्या लाकडी टेबलावर तळहात टेकून बसली होती. सोळा पानं त्या दोघींचीच. एकशे एकोणतिसाव्या पानावर न्यायाधीश परत आला, तेव्हा सूर्य अजून मावळतच होता.

"फर्मा बदललाय," ती म्हणाली. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून, घडी घालून शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. नानांचा आणि तिचा प्रकाशक एक, दोन्ही पुस्तकं एकदमच बांधायला गेलेली, आकार तोच, अक्षर तेच. पानाच्या माथ्यावर कादंबरीचं नाव छापायची पद्धत प्रकाशकाने काटकसरीपायी कधीच सोडली होती. बांधणाऱ्याच्या हाताखाली आठवा फर्मा इकडचा तिकडे झाला.

नवऱ्याच्या डोक्यात पुढची गोष्ट तिच्याआधी शिरली. "म्हणजे न्यायाधीश तुझ्याकडे आला असणार."

कपाटावरचा तिच्या प्रतींचा गठ्ठा खाली आला. वरचं पुस्तक उघडलं. एकशे तेरावर न्यायाधीश. त्याखालचं उघडलं, न्यायाधीश. तिसरं उघडायची तिला हिंमत झाली नाही, ते नवऱ्याने उघडलं आणि मिटलं.

दोन महिन्यांपूर्वी ही पुस्तकं घरी आली, तेव्हा तिने एक उचलून हुंगलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता, अर्पणपत्रिका वाचली होती. आत ती शिरली नव्हती. लेखक माणूस छापून आलेल्या स्वतःच्या पुस्तकात शिरत नाही. एखादी चूक दिसली तर आता दुरुस्त करता येणार नाही, या भीतीने बाहेरच घुटमळतो. दुसऱ्यांची पुस्तकं दोनदा वाचणाऱ्या या बाईने स्वतःचं एकदाही वाचलं नव्हतं.

दोनदा म्हणजे अक्षरशः दोनदा. वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला एका लेखकाची आणि त्याच्या नव्या कादंबरीची वाचकांना ओळख करून द्यायची, हे काम पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करत असल्यापासून तिच्याकडे होतं. पहिलं वाचन वाचक म्हणून, दुसरं हातात पेन्सिल धरून. नानांचं पहिलं वाचन छपाईआधी हस्तलिखितावरच झालं होतं; छापील प्रत तिने पेन्सिल घेऊन आज सकाळी उघडली होती. मग बेताचं भाषण, आणि शेवटी पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं. पुस्तकात नाही ते बोलायचं नाही, हा तिचा नियम. कितीतरी लेखक तिच्या जिभेवरून वाचकांच्या घरी पोचले. त्या मंडळींनी तिला 'परिचयताई' हे नाव दिलं आणि तिच्या स्वतःच्याही तीन कादंबऱ्या आहेत, ही गोष्ट मोठ्या मनाने विसरून टाकली.

ही तिसरी मात्र तिने विसरू द्यायची नाही असं ठरवलं होतं. तिला सत्कार नको होता. त्याच सभागृहात, त्याच टेबलामागे, तिच्यासारखंच दोनदा वाचून कुणीतरी तिच्या पुस्तकाबद्दल बोलावं, एवढंच हवं होतं. म्हणून ज्यांची ओळख तिने करून दिली होती अशा अकरा जणांना तिने पुस्तक स्वतः नेऊन दिलं. अकराही जणांचे निरोप आले होते. तिने फोन उघडला.

"वाचून दाखव," नवरा म्हणाला.

"'ताई, एका बैठकीत संपवली.' ही ऐतिहासिकवाली. 'शब्दच नाहीत.' हा तर शब्दांवरच जगतो. 'कुठेही धागा सुटत नाही'..." तिचा आवाज चढला. "धागा सुटत नाही म्हणे! सोळा पानं सासू-सून बेपत्ता आहेत आणि घरात एक म्हातारा न्यायाधीश सूर्य बघत बसलाय. तरी याचा धागा सुटत नाही!"

"आणि नाना?"

"'वाचली. मधला भाग तर काळजात घुसला.'"

नवरा खुर्चीत बसला. हसू आवरताना गालावरचा साबण गळ्यात उतरला. "मधला भाग त्यांचाच आहे की गं! स्वतःचंच लिखाण घुसलं म्हणायचं काळजात."

"घुसायला आधी पुस्तक उघडावं लागतं."

तिने प्रकाशकाला फोन लावला. तो गडबडला, मग सावरला. "बाई, छापखान्याला धारेवर धरतो. पण तुमचं पुस्तक दोन महिने बाजारात आहे, कुणाची तक्रार आली नाही बघा."

"एकाचीही?"

"तुम्हीच पहिल्या," तो म्हणाला. वर कौतुकही केलं. "तुमचं वाचन बारीक!"

त्याच संध्याकाळी तिला नानांच्या कादंबरीची ओळख करून द्यायची होती. नवऱ्याने सुचवलं, "ताप आलाय म्हणून कळव. मी बोलतो."

"ताप न वाचणाऱ्यांना यायला हवा. मी वाचलंय."

ती जाणार होती याला आणखी एक कारण होतं. नानांनी शब्द दिला होता: आजच्या कार्यक्रमात तुझ्या कादंबरीची तारीख जाहीर करतो, परिचय मी स्वतः करतो. नानांच्या पाच कादंबऱ्या तिने वाचकांपुढे नेल्या होत्या. शब्द पाळायला माणसाला याहून जास्त काय लागतं?

सभागृह नेहमीसारखं निम्मं भरलं होतं. पुढच्या दोन रांगा लेखकांच्या. तिथे एकमेकांना ओळखी दाखवणं चाललं होतं. दाराशी विक्रीचं टेबल. त्यावर नानांच्या पुस्तकांचा मनोरा आणि एका कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या आडोशाला, तिच्या चार प्रती.

कार्यवाह लगबगीने आले. "ताई, दहा मिनिटांत आटपा हं. नानांना लवकर जायचंय."

"माझ्या पुस्तकाची तारीख?"

"अहो, हे वर्ष भरलं. पुढच्या वर्षी बघू ना. आपल्याच माणसाची कसली घाई?" मग त्यांना विनोद सुचला. "आणि तुमचा परिचय करणार कोण? परिचय करणाऱ्या तर तुम्हीच!" पुढच्या रांगेतली ऐतिहासिकवाली खळखळून हसली. 'एका बैठकीत संपवली' म्हणाली होती तीच.

नाना पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकली. त्यांना एक संधी द्यावी असं तिला खरोखरच वाटत होतं.

"नाना, माझ्या कादंबरीतला मधला भाग आवडला म्हणालात. नेमका कुठला हो?"

"अगं, तो... ती बाई." नानांनी हवेत हात फिरवला. "काय सोसलंय तिने! तू स्त्रीचं मन फार आतून लिहितेस."

त्यांच्या घरी गेलेल्या प्रतीत त्या जागी बाई औषधालाही नव्हती. त्यांचाच न्यायाधीश होता, त्यांचाच सूर्य होता.

"आणि तारखेचं?"

"कार्यवाह बघतील ना. मी कशाला मध्ये पडू?"

तिने मोठ्याने वाचायचं पान सकाळीच ठरवलं होतं. शेवटच्या प्रकरणातलं, खूण घातलेलं. पान बरं होतं, त्यात नानांचं भलं झालं असतं. तिने ती खूण काढली आणि एकशे सतरावर घातली.

भाषण तिने नेहमीसारखंच केलं. चिडलेली होती, तरी नानांच्या पुस्तकावर अन्याय केला नाही. न्यायाधीशाच्या मुलीचं पात्र चांगलं उतरलंय, ते चांगलं म्हणून सांगितलं. व्हरांड्यात पुस्तक रेंगाळतं, तेही सांगितलं. नाना घड्याळ बघत होते.

"आता पान एकशे सतरा," ती म्हणाली आणि वाचू लागली.

सासूला यंत्राचा आवाज येत नाही, पण टेबलाची थरथर तळहाताला कळते. थरथर आहे म्हणजे घरात कुणीतरी आहे. थरथर थांबली की म्हातारी घाबरते, अंधारात विचारावं तसं भर दुपारी विचारते, 'गेलीस का गं?' एकदा शिवायचं काम संपतं. सून उठायला जाते, सासूचा हात तसाच पसरलेला दिसतो, आणि ती परत बसते. यंत्राखाली कापड नाही, सुईत दोरा नाही. ती नुसते पाय हलवत राहते.

ती थांबली. मग टाळ्या झाल्या, आणि त्या मागच्या रांगांतून पुढे आल्या. त्या सभागृहात असं कधी होत नसे.

नाना उठले. टाळ्या पाहून त्यांना लवकर जायचं राहिलं नाही. त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "खरं सांगू? काही पानं लेखक लिहीत नाही, ती लेखकाला लिहितात. हे पान लिहिलं तेव्हा मला तीन रात्री झोप नव्हती."

तिने पुस्तक मिटलं नाही. त्यांच्यासमोर उघडंच धरलं.

"नाना, हे पान माझं आहे. माझ्या कादंबरीतला आठवा फर्मा चुकून तुमच्या पुस्तकात शिवला गेलाय, आणि तुमचा माझ्यात. माझी प्रत दोन महिने तुमच्या घरी आहे. पुढच्या रांगेत आणखी सातआठ जणांकडे आहे. सगळ्यांनी वाचली म्हणून कळवलंय."

पुढच्या रांगेतल्या माना एकाएकी खाली गेल्या. जमिनीवर काही पडलं होतं की काय कोण जाणे. कार्यवाहांनी चहावाल्याला खूण केली. नानांचा चेहरा आधी पडला, मग तापला.

"हा बांधणाऱ्याचा गाढवपणा! याला मी जबाबदार?"

"नाही ना. बांधणाऱ्याने फर्मा बदलला," ती म्हणाली. "झोप तुमची गेली होती."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुढे कुणीच हसलं नाही. चहा आला, बिस्किटं आली, आणि साहित्यिक मंडळी चहाच्या निमित्ताने तिला लांबून वळसा घालून जाऊ लागली. ऐतिहासिकवाली जाता जाता म्हणाली, "ताई, एवढं चारचौघांत नको होतं."

"वाचली, हे तू मला एकांतात कळवलं होतंस," ती म्हणाली. "मी तेच मोठ्याने सांगितलं."

पुढच्या महिन्यात या टेबलामागे दुसरं कुणीतरी असणार, हे तिला कार्यवाहांच्या पाठीवरूनच कळलं. तिने पेन्सिल पर्समध्ये टाकली.

विक्रीच्या टेबलाशी एक बाई उभी होती. चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकान बंद झालं की बस येईपर्यंत इथे येऊन बसायची. तिच्या हातात बाटल्यांच्या आडोशातली एक प्रत होती.

"ताई, पैसे दिलेत मी. पण यात ते पान नाहीये हो. यात कुणीतरी म्हातारा सूर्य बघतोय."

"ते पान त्यांच्या पुस्तकात आहे."

"मग मी काय, त्यांचं पुस्तक घेऊ?" बाईला ते अजिबात पटलं नाही. "मला एवढंच सांगा. सासूला पुढे कळतं का, मशीनखाली कापड नव्हतं ते?"

दोन महिन्यांत तिला तिच्या कादंबरीबद्दल कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिने काखेतलं नानांचं पुस्तक हातात घेतलं.

"बसा," ती म्हणाली.

दोघी व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. तिने नानांचं पुस्तक मांडीवर उघडून आठव्या फर्म्याच्या मधोमध शिवण मोकळी केली. बाईने चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस पर्समधून काढून दिला. त्याच्या टोकाने दोरा उचलता आला. न्यायाधीशाची सोळा पानं बाईच्या प्रतीतून निघाली. ती नीट घडी करून तिने पुष्पगुच्छाशेजारी नानांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. सासू-सुनेची सोळा पानं त्यांच्या जागी बसली. सुटीच, कडेने थोडी बाहेर डोकावत.

"पडतील का हो?" बाईने विचारलं.

"जरा धरून वाचा. उत्तर एकशे एकोणतिसावर आहे."

बाईने बसल्या जागीच पुस्तक उघडलं. दारात कार्यवाह दिवे मालवायला उभे होते. त्यांनी मागचे मालवले, पुढचे मालवले, आणि पायरीवरच्या दिव्याच्या बटणावर हात ठेवून थांबले. बाई सुटी पानं तळहाताने दाबून धरून वाचत होती, आणि तिची बस बाहेर येऊन निघून गेली.