डिस्कबरोबरचा डबा

माझ्या जावेशी, सुलक्षणाशी, मी तीन वर्षं बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी मिळून एक काम केलं आणि ते ऐकून लोकांना वाटतं, आमचं जमलं. तसं काही झालेलं नाही.

भांडण मालवणला झालं, गणपतीत. माझे तीन मोदक उकडताना फुटले. फुटतात. चाळीस माणसांच्या स्वयंपाकात तीन मोदक म्हणजे काय? पण ही बाई अख्ख्या भावकीसमोर, भर पंगतीत म्हणाली, "वयनीच्या मोदकांनी तोंडा उघडल्यानी, आता गजाली सांगतले." सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याच्याशी मी आठ दिवस बोलले नाही, आणि हिच्याशी अजून.

राहतो मात्र बोरीवलीला एकाच सोसायटीत. आम्ही ए विंगमध्ये, सुलक्षणा आणि माझे धाकटे दीर सर्वेश डी विंगमध्ये. मधे पार्किंग आणि एक बंद पडलेलं कारंजं.

माझा नवरा राजेश एक्कावन्न वर्षांचा, सर्वेश भावजी शेहेचाळीसचे. दोन्ही घरांत टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र आहे. घेतलं होतं मुलांसाठी. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, बाप खेळत राहिले. सासरे गिरणीत होते. घरात बॅट एक, सायकल एक आणि मुलगे दोन. ती सवय दोघांच्या अंगात इतकी मुरली आहे की गेमही एकच विकत आणतात. एकाने संपवला की डिस्क दुसऱ्याकडे.

मोदकांनंतर पहिल्यांदा डिस्क डी विंगला जायची होती, तेव्हा मी चकल्या तळत होते. राजेश डिस्कची डबी हलवत दारात उभा. दिराच्या घरी माणूस मोकळ्या हाताने कसा पाठवायचा? बोलत नाही म्हणून काय रीत सोडायची? मी स्टीलचा डबा भरून दिला. पंधरा दिवसांनी डिस्क परत आली, वर डबा, आणि डब्यात तिच्या चकल्या. मी एक मोडून बघितली. कट्कन आवाज झाला. तो आवाज तिने मुद्दाम पाठवला होता.

मग मी घावणे पाठवले, मागे धरला तर पेपर वाचता येईल इतके पातळ. तिने मोड आलेले कडवे वाल पाठवले, न सोललेले. अर्थ उघड होता: तुम्हाला काय काम आहे, बसा सोलत. बसले. बिरडं झकास झालं. पुढची डिस्क गेली तेव्हा मी डबाभर सालं धाडली. डबा रिकामा नसावा एवढीच रीत आहे, आत काय असावं हे कुणी सांगितलेलं नाही. दोन महिन्यांनी डब्यातून हिरव्यागार मिरच्या आल्या. बाईने माझी सालं कुंडीत घातली होती.

मला डेंगी झाला त्या आठवड्यात तीच एक डिस्क तीनदा आमच्याकडे आली. सर्वेश भावजी दारात डोकं खाजवत उभे, "सुलू म्हणाली देऊन या. का ते मला विचारू नका." डब्यात एकदा पेज, एकदा मऊ भात नि मेतकूट, आणि एकदा नुसतं सोललेलं डाळिंब.

अशा बाईशी बोलून वाट लावायची का? बोललो असतो तर "जेवलात का?" "हो, तुम्ही?" इथेच दोघींचं संपलं असतं. जिन्यातल्या बाकी सगळ्या बायकांशी माझं तेवढंच होतं.

तर गेल्या महिन्यात आमचं यंत्र मेलं. आधी मिक्सरसारखं ओरडायला लागलं, मग गप्प झालं. भावजींचंही त्याच वयाचं. दोघा भावांनी ठरवलं, नवीन एकदमच आणू.

"या वेळी बिनडिस्कचं घेतोय," राजेश चहा पिताना म्हणाला. "डिजिटल. गेम नेटवरून उतरवायचा. दोघांत मिळून एक अकाउंट ठेवलं की एकदाच विकत घेऊन दोन्ही घरी चालतो. ती डिस्क घेऊन ये-जा करायची कटकटच नको."

माझा हात गाळणीवर थांबला.

"मग आपल्या हातात काय येतं?"

"काही नाही. तीच तर मजा."

"पैसे देऊन हातात काही न येणं याला तू मजा कधीपासून म्हणायला लागलास? जुना झाला की विकणार कसा?"

"आपण आजवर एक तरी विकलाय?"

"नेट गेलं तर?"

"जाऊ दे. उतरवलेला गेम आत असतो."

"कंपनीच बंद पडली तर?"

राजेशने कप खाली ठेवला. "क्षमा, दहा वर्षं तू या यंत्राला 'ते काळं' म्हणतेस. आज अचानक काय झालं तुला?"

काय सांगणार? माझं भांडण बंद पडेल म्हणून? आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ हेच मुद्दे उगाळले, आणि तो "हं, हं" करत राहिला.

तेवढ्यात डी विंगमधली शेवटची डिस्क आली. मी झाकण उघडलं. डबा रिकामा. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. तीन वर्षांत पहिल्यांदा. आधी माझ्या कानशिलात गरम झालं. मग डोकं चालायला लागलं. सुलक्षणा अपमान करेल, पण असा स्वस्तातला, बिनमेहनतीचा नाही करणार. बाई मला सांगत होती, यापुढे हे असं असणार आहे, काय ते बघा.

शनिवारी राजेश खरेदीला निघाला. मी चप्पल घातली.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर."

"गेमच्या दुकानात?"

"का रे, बायकांना बंदी आहे?"

दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत, मिथुनभाईंचं. आम्ही पोचलो तर सर्वेश भावजी आधीच हजर, आणि त्यांच्या शेजारी चांगली जरीकाठाची साडी नेसून, कोर्टाच्या तारखेला आल्यासारखी सुलक्षणा. आमची नजरानजर होता होता राहिली. तिने लगेच पंख्याकडे बघितलं, मी गल्ल्याकडे.

मिथुनभाईंनी दोन खोकी पुढे ठेवली. एक जाडं, डिस्कचं. एक सडपातळ, बिनडिस्कचं. दोघा भावांचे हात सडपातळकडे गेले.

"भाई, डिस्कवालंच टिकाऊ ना?" मी विचारलं.

"दोन्ही मस्त, बेन. पण आता तर लोक डिजिटलच मागते."

"ऐकलंस?" राजेश म्हणाला. माझी मुद्द्यांची पोतडी रिकामी झाली.

तेव्हा सुलक्षणाने तोंड उघडलं. आवाज असा की साखर विरघळावी. "मिथुनभाई, या एकाच अकाउंटमध्ये कोण खेळतंय, किती वाजल्यापासून खेळतंय, ते आम्हा बायकांना पण दिसेल का हो? मोबाइलवर?"

"दिसेल ना! ॲप टाका. कोण चालू, किती तास, सगळं."

"कामाच्या दिवशी दुपारचंसुद्धा?"

"सगळं, बेन."

दोघा भावांचे हात सडपातळ खोक्यावरून मागे आले. इथे हे सांगायला हवं की बुधवारी राजेश घरून काम करतो, दार लावून. आतून क्लायंटऐवजी बंदुका ऐकू येतात. आणि भावजींची पाठ शनिवारी दुपारी दुखते, त्यांनाही दार लावून पडावं लागतं.

सुलक्षणा काय करतेय हे मला कळलं आणि मी दुसरं टोक धरलं. "अय्या, मग हेच घेऊ! राजेश, तुझं बरोबर होतं रे. मी उगाच हट्ट करत होते. द्या भाई, दोन डिजिटल बांधा."

"बांधा बांधा," सुलक्षणा मिथुनभाईंना म्हणाली.

"एक मिनिट," राजेशने घसा साफ केला. "आणि डिस्कवाल्यात कसं असतं?"

"त्यात दोन घरचं अकाउंट अलग. डिस्क टाका, नेट बंद करून खेळा. कोणाला काय समजते?"

"शी! असलं लपूनछपून नको बाई," सुलक्षणा म्हणाली.

"नकोच," मी मिथुनभाईंकडे बघून म्हणाले.

"दादा," भावजी हळूच म्हणाले, "तसं बघितलं तर डिजिटलमध्ये हातात काही येत नाही."

"तेच मी म्हणतोय. जुना झाला की विकता पण येत नाही," राजेश म्हणाला.

"आणि कंपनी बंद पडली तर?"

"वाटच लागली."

माझे आठवडाभराचे मुद्दे एकेक करून बाहेर आले, जणू त्या दोघांच्याच पोटी जन्मले. मी आणि सुलक्षणाने अगदी नाइलाजाने मान हलवली. जाडी खोकी बांधली गेली.

मग भाऊ गेम निवडायला मांडणीकडे वळले. भावजींनी एक डबी उचलली. "दादा, हा घेऊ! दोनशे तासांचा आहे. डोंगर, जंगलं, घोडे. सहा महिने बघायला नको!"

सहा महिने. एक डबा. मी वळून सुलक्षणाकडे बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ चेहऱ्याकडे. तिचाही हिशेब झाला होता. तिने नवऱ्याच्या हातातून डबी काढली आणि टाचा उंचावून सगळ्यात वरच्या फळीवर, मागे सरकवली.

"अगं, काय करतेस?" भावजी म्हणाले.

"मिथुनभाई," ती म्हणाली, "लवकर संपणारा कुठला?"

"हा घ्या. बारा तासात खलास."

"त्याहून लहान नाही का?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग तिने डावीकडची मांडणी बघायला घेतली आणि मी उजवीकडची.