दादाचा गाल

धाकट्याने वस्तरा गालाला टेकवला आणि लगेच उचलला. फेस कानाच्या पाळीपर्यंत चढला होता, पाण्याचे ओघळ मानेवरून बनियनमध्ये उतरत होते आणि वस्तरा तर असा पकडला होता की विचारू नका. फ्रिज उघडून त्याच्या पोटातल्या बारीक नळ्या जोडणारा माणूस हा. पण स्वतःच्या गालापुढे त्याची पार भंबेरी उडाली होती.

"मान अजून वर घ्या, भाऊजी," बाथरूमच्या दारात उभी असलेली वहिनी हळू आवाजात म्हणाली. "अहं, तशी नाही. हे आधी उजवीकडे बघायचे."

त्याने उजवीकडे पाहिलं.

"आता डाव्या हाताने कानापाशी कातडी ताणा. पातं गालावर झोपवा. आता जरासं उचला. ओढू नका, नुसतं जाऊ द्या."

पातं खाली सरकलं. कर्र असा बारीक आवाज आला आणि फेसातून गालाची एक स्वच्छ पट्टी निघाली. "जमलं की!" असं तो म्हणतो न म्हणतो तोच हनुवटीपाशी पातं अडलं आणि पांढऱ्या फेसात लाल टिपका पसरला. वहिनीने तुरटीचा खडा पुढे केला.

"यांनाही तिथेच लागायचं सुरुवातीला," ती म्हणाली. "आटपा आता. आई उठतील."

दादा जाऊन फार दिवस झाले नव्हते. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सगळी धावपळ दादाने केली, आई त्यातून सुखरूप उठली, आणि ती अजून दवाखान्यात असतानाच दादा जिन्यात कोसळला तो कोसळलाच. आता याला काय म्हणायचं! डॉक्टर म्हणाले, सध्या त्यांना काही कळू देऊ नका. सध्या म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. आई घरी आली तेव्हा वहिनीने सांगितलं की ते ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलेत. पण ती थाप तरी किती दिवस पुरणार?

आईचे डोळे काचबिंदूने कधीच गेले होते. तिची सकाळ उजाडायची ती दादाच्या गालावर. दाढी-अंघोळ आटपून दादा तिच्या पलंगाशी वाकायचा, आणि ती उलट्या हाताची बोटं त्याच्या दोन्ही गालांवरून फिरवून हनुवटीखाली आणायची. "झाली बाई माझी सकाळ," म्हणायची. दादा जन्मभर वस्तऱ्यानेच दाढी करत आला होता, आणि त्याचा गाल असा गुळगुळीत असायचा की माशी बसली तर घसरावी. धाकट्याचं सगळं उलट. लग्न जमलं नाही, मग याने जमवलंही नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली, आणि तोंडावर कायमची खरखरीत दाढी. रविवारी तो जवळ आला की आई दोन्ही हातांनी त्याला ढकलायची. "लांब हो रे साळिंदरा, सोलून काढशील मला!" त्या साळिंदराचा साळ्या झाला, आणि घरात तेच नाव पडलं.

आवाज मात्र दोघांचा एक. फोनवर वहिनीसुद्धा फसायची. हनुवटीही एकच, वडिलांची. त्यामुळे वहिनी जेव्हा म्हणाली, "थोडे दिवस, भाऊजी. आईंना जरा बरं वाटेपर्यंत," तेव्हा त्याला ते अगदीच अशक्य वाटलं नाही. त्याने बाजारातलं साधं रेझर आणलं, कित्येक वर्षांची दाढी उतरवली, दादाचा शर्ट घातला आणि जीव मुठीत धरून पलंगाशी वाकला. आईची बोटं गालावरून फिरली, जबड्याखाली गेली आणि थांबली.

"आज बाहेर कुठे केलीस का रे दाढी? इथे खसखस राहिलीय."

त्याच दिवशी वहिनीने कपाटातून दादाचा वस्तरा काढून त्याच्या हातात दिला.

शिकवणीही तिचीच. वीस-बावीस वर्षं ती रोज सकाळी त्या दारात टॉवेल घेऊन उभी राहिली होती. तिला सगळं पाठ होतं. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर कसा परजायचा, धार कुठल्या बाजूने पुसायची, सुलटा हात झाला की पुन्हा फेस लावून उलटा हात कसा घ्यायचा. तिने त्याला सरावासाठी फुग्यावर फेस फासून दिला. पातं लागताच तो फटकन फुटला, आणि आतून आईने विचारलं, "कोण आलं गं?" दोघंही तोंडावर हात दाबून शाळेतल्या पोरांसारखी हसली. दादा गेल्यावर वहिनी पहिल्यांदाच हसत होती. मग एकाएकी थांबून तिने फरशीवरचे फुग्याचे तुकडे गोळा करायला घेतले.

हळूहळू हात बसला. हनुवटीचं कापणं थांबलं. आता बोटांना खसखस लागणार नाही अशी खात्री वाटून तो एका सकाळी ताठ मानेने आईपाशी गेला. आईने उजव्या गालावरून बोटं फिरवली, मग डाव्या. कानापाशी पुन्हा एकदा गेली.

"डावा हात दुखतोय का रे तुझा?"

"का गं?"

"हा गालही उजव्या हाताने केलास. कानाखाली राहिलंय."

तो बाहेर येऊन भिंतीला टेकला. वहिनीने कपाळाला हात लावला. "विसरलेच मी. हे डावा गाल डाव्या हाताने करायचे."

मग डावा हात. फ्रिजवाल्याचा डावा हात तो, नळी धरून ठेवण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. सुरुवातीला रोज दोन-चार कापे, तुरटीची आग, वहिनीचं "मनगट सैल सोडा". पण एकदा तो हात शिकला आणि मग थांबेचना. धाकट्याच्या ध्यानात आलं की आपण कपही त्याच हाताने उचलतोय. किल्लीही. एकदा कामावर पान्हा उजव्या हातात धरून बसला आणि क्षणभर कळेना याने करायचं काय. ज्या घरी वर्षानुवर्षं फ्रिज दुरुस्त केले, तिथली बाई दार अर्धं उघडून म्हणाली, "नेहमीचे नाही आले? तुम्ही कोण?"

"मीच तो," तो म्हणाला. तिने हसून आत घेतलं खरं, पण तो काम करत होता तितका वेळ ती स्वयंपाकघरातून हलली नाही.

येणं-जाणं गैरसोयीचं म्हणून तो आता बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावरच झोपू लागला होता. दादाचे शर्ट बेतल्यासारखे बसत होते. एका सकाळी तो मान वर करून उलटा हात घेत असताना दारातून वहिनी म्हणाली,

"अहो, पाणी गार होतंय."

वस्तरा गळ्यावर होता तिथेच थांबला. आरशात त्याला वहिनी दिसत होती. तिचं लक्ष टॉवेलच्या घडीकडे होतं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं आणि ती घाईघाईने म्हणाली, "भाऊजी. पाणी." आणि निघून गेली.

हे सगळं एकवेळ निभावलं असतं. पण आई साळ्याची चौकशी करू लागली. आता सकाळी गुळगुळीत झालेला गाल रविवारी दुपारी खरखरीत कसा व्हायचा? साळ्याला लांबच्या कारखान्यात मोठं काम मिळालंय असं वहिनीने ठोकून दिलं. मग धाकटा जिन्यात जाऊन घरच्या फोनवर फोन करायचा आणि वहिनी तो आईच्या कानाला लावायची.

"काय म्हणतेस म्हातारे?" तो साळ्यासारखं, म्हणजे स्वतःसारखं, बोलायचा.

"जेवतोस का वेळेवर?"

"जेवतो की. फुगलोय नुसता."

"आवाज किती जवळून येतोय रे तुझा," एकदा आई म्हणाली. पुढच्या वेळी ती नुसतंच हं, हं करत राहिली. त्याच्या पुढच्या वेळी तिने फोन घेतलाच नाही. झोप आली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाकला. तिची बोटं गालावर आली, पण नेहमीसारखी खाली गेली नाहीत. तिने गाल तळव्यात धरला.

"बस इथे."

तो पलंगाच्या कडेवर बसला. वहिनी दूध घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली.

"फोनवर माझ्याशी बोलतोस तो तूच ना?"

"कुठला फोन?"

"आंधळी आहे मी, बहिरी नाही. जिन्यात उभं राहून बोलतोस. या घराच्या जिन्याचा घुमारा मला कळत नाही होय?"

खरं सांगायचं तर त्याला एकदम हलकं वाटलं. कळलं एकदाचं. सुटलो. आता रोजचा वस्तरा नको, जिना नको. आता आईच्या मांडीवर डोकं ठेवून दादासाठी मोकळेपणी रडता येईल. आणि ती तर शांत बसली होती. तिला काही झालं नव्हतं.

"आई, तुला सगळं कळलंच आहे तर..."

"साळ्या गेला ना?" आई म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती घरघरायची आणि बंद पडायची. आई, मीच साळ्या. इतके शब्द पुरेसे होते. पण ते उच्चारले की लगेच तिचा पुढचा प्रश्न येणार होता. त्याने दाराकडे पाहिलं. वहिनी मान हलवत नव्हती, काही सुचवत नव्हती. हातातला दुधाचा पेला तेवढा तिने छातीशी घट्ट धरला होता.

"खरं सांग. मी मरत नाही लगेच."

"हो," तो म्हणाला.

आईचा तळवा त्याच्या गालावरच होता. तिने तो काढला नाही. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्याचा आवाज काढायचास, पण तो आवाज काढलेला कळायचा रे. तुझा आवाज तो तुझाच."

"तू पड आता, आई."

"त्याला कधी जवळ घेतलं नाही मी. टोचतोस, टोचतोस म्हणून ढकलायचे. अरे, लाडाने म्हणायचे! मला आवडायचं ते टोचलेलं. रविवारची वाट बघायचे मी. त्याला कळलं असेल का रे हे?"

"कळलं होतं त्याला."

"तुला म्हणाला कधी?"

"म्हणाला होता," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आई ते अंगठ्याने पुसत होती.

"रडू नकोस दादा," ती म्हणाली. "माझं एक ऐकशील? थोडे दिवस दाढी करू नकोस. तुमची दोघांची हनुवटी एकच. एकदा टोचू दे मला. मग नाही मागणार."

वस्तरा कपाटात गेला. धाकटा कामावर जाता-येता वाटेतल्या प्रत्येक काचेत स्वतःला बघू लागला. पहिल्यांदा गालावर नुसती सावली आली, मग बोटांना टोचायला लागलं, मग तीच जुनी खरखर. आरशातला माणूस दिवसेंदिवस त्याच्या ओळखीचा होत चालला होता. रविवार येऊ दे, असं त्याने ठरवलं. रविवारी दादाचा शर्ट घालायचा नाही. दादाच्या नावाने का होईना, आईच्या हाताखाली आपण आपला गाल घेऊन बसायचं, आणि तिचा हात गालावर असतानाच, हळूहळू, तिला पेलेल तसं, सांगून टाकायचं. त्याच्या तोंडात शब्दही तयार होते.

रविवारी तो स्वतःच्या खोलीवर जाऊन स्वतःचा चुरगळलेला शर्ट घालून आला. आई उशीला टेकून वाट बघत होती. तो वाकला. तिने दोन्ही हात पुढे केले, आणि या खेपेला उलट्या हाताने नाही, तळव्यांनी त्याचे गाल धरले. डोळे मिटले. तिचे ओठ हलले. बोटं वर गेली, खाली आली, हनुवटीखाली गेली, पुन्हा वर आली.

"नाही," आई म्हणाली.

"काय नाही?"

"तशी नाही रे. त्याची वेगळी होती." तिने हात काढून घेतले आणि पांघरुणाखाली नेले. "तुझी ती तुझीच. माझ्या मेलीचा आपला काहीतरीच हट्ट. जा बाबा, करून ये. तुला शोभत नाही ती."

तोंडात तयार असलेले शब्द तो शोधत राहिला. आईने भिंतीकडे तोंड वळवलं होतं. तिच्या खांद्याचं हाड पांघरुणातून हलकेच वरखाली होत होतं.

बाथरूममध्ये दिवा लागलेला होता. गरम पाण्याची वाफ आरशावर धरली होती. कठड्यावर वाटी, ब्रश, तुरटी, आणि परजून ठेवलेला वस्तरा. हे कधी मांडलं होतं कुणास ठाऊक. तो दारातच उभा राहिला.

आत वहिनी टॉवेल घेऊन वाट बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "पाणी गार होतंय."

"आलो," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने वस्तरा उचलला.