सहा दोरे

"आज गिअरबॉक्स बसला नाही तर गाडी विकून टाकू," सकाळी चहा पिता पिता माझा मुलगा प्रितेश म्हणाला. वर आणखी, "तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडीन ना, आई." सोडीन म्हणे! मी काय टपालातलं पाकीट आहे?

दुसऱ्या वर्षी पोलिओने माझा डावा पाय नेला. त्यानंतर पन्नास वर्षं मी घोलवडच्या आमच्या वाडीबाहेर पडले ती कुणाला तरी वेळ असेल तेव्हाच. मग ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. हिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. महिनाभरात मी एकटी तलासरीला जाऊन आले, चिकूची कलमं पोचवून. त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते. ते प्रितेशला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही.

ही गोष्ट २०१७च्या डिसेंबरातली. तलासरीला हायवेलगत गाडीने तेल ओकलं आणि ती बसली ती लाहूच्या गॅरेजसमोरच. लाहू जवळच्याच झरी गावचा, वीस वर्षं ट्रक आणि जीप उघडणारा. ऑटोमॅटिक त्याने कधी उघडली नव्हती, आणि ते त्याने तोंडावर सांगितलं. मला तेच आवडलं. याआधी गाडी कुरकुरली तेव्हा दुसऱ्या दोन गॅरेजवाल्यांनी सगळं येतं म्हणून सांगितलं होतं आणि बॉनेट उघडल्यावर डोकं खाजवलं होतं.

लाहूने गिअरबॉक्स उतरवून वापीच्या हिरूभाईंकडे पाठवला. हिरूभाईंनी आतलं सील बदललं आणि आठ दिवसांनी बॉक्स परत धाडला, टॉर्क कन्व्हर्टर वेगळा. हिरूभाईंना अजिबात ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. म्हणून सोबत चिठ्ठी, गुजरातीत. लाहूला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. मी मात्र वाचते. म्हणून त्या दिवशी गॅरेजात स्टुलावर बसून मी मोठ्या तोऱ्यात चिठ्ठीचं मराठी केलं.

"फिरवत फिरवत बसवायचा. तीन वेळा बसेल. सहा दोरे आत. मग बोल्ट."

"दोरे म्हंजे?" लाहूने विचारलं.

"दोरे म्हणजे धागे. थ्रेड."

"हां, बोल्टचे थ्रेड. सहा थ्रेड आत घालायचे, मग टाईट मारायचा." त्याने मान हलवली. मीही हलवली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

कन्व्हर्टर म्हणजे झाकणासकट जड पातेलंच समजा. आत तेल, आणि त्या तेलातून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचतो. त्याची मान गिअरबॉक्सच्या दांड्यावर सरकवायची, की आत एकामागून एक तीन खाचा लागतात. तिसरी खाच सगळ्यांत आत, तेलाच्या पंपाची. लाहू आणि त्याचा भाऊ शुक्रा यांनी तो उचलून दांड्यावर ठेवला. लाहू तो दोन्ही हातांनी फिरवू लागला. एकदा टक झालं. पुढचं मला ऐकू आलं नाही, समोरून ट्रक गेला.

"झाला तीन वेळा," लाहू म्हणाला. मी कशाला शंका काढू? मी भाषांतर करणारी बाई.

मग जॅकवर गिअरबॉक्स चढवून त्यांनी इंजिनाला भिडवला. पण तो पुरता भिडेना. चहूबाजूंनी फट राहिली.

"ऱ्हाते थोडी," लाहू म्हणाला. "ट्रकचा बॉक्स पण असाच. बोल्टनं खेचून घ्यायचा."

त्याने बोल्ट हाताने सहा आटे आत घातले, मोजून, माझ्या चिठ्ठीप्रमाणे. मग पाना लावला. पहिला बोल्ट थोडा फिरला, दुसरा थोडा फिरला, आणि लाहूचा हात थांबला.

"काय रे, घोडं कुठे पेंड खातंय?"

"जड लागतंय काकी. असं जड लागाय नाय पाहिजे."

"मार की एक हिसका," शुक्रा म्हणाला.

लाहूने पान्यावर पकड घट्ट केली. खरं सांगते, मलाही वाटत होतं की मारावा हिसका आणि संपावं एकदाचं. संध्याकाळच्या आत गाडी चालू व्हायला हवी होती. पण लाहू खाली वाकला, फटीत पट्टी घातली आणि म्हणाला, "अजून तीन सूत ऱ्हायलंय."

सूत!

आमच्या घराची दारं उंबरगावच्या गुजराती सुताराने केली होती. फळीला पट्टी लावून तो ओरडायचा, "बे दोरा वधारे छे!" म्हणजे फळी दोन दोरे जास्त. दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपण त्याला सूत म्हणतो, तो दोरो म्हणायचा.

"लाहू, थांब! पाना काढ!" मी इतक्या जोरात ओरडले की शुक्राने जॅक सोडून हात वर केले. "दोरा म्हणजे बोल्टचा आटा नाही रे. दोरा म्हणजे सूत. कन्व्हर्टर सहा सूत आत बसायला पाहिजे, तो बसल्यावर मग बोल्ट. मीच चुकीचं सांगितलं."

लाहू हसला. "मी पण चुकलो काकी. दांड्यावर नुसता ठेवला, ते पण एकदा बसला म्हणून मोजलं."

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. या वेळी मी स्टूल ओढून जवळ बसले आणि ट्रक येताना दिसला की लाहूला थांबवत होते. तो कन्व्हर्टर हलकेच आत रेटत फिरवत राहिला, बराच वेळ, न चिडता. दोन टक झालेले होतेच. मग आतून जाड आवाज आला, धप्प, आणि अख्खा कन्व्हर्टर त्याच्या हातातून आत गेला. गिअरबॉक्सच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवून त्याने खोली मोजली. सहा सूत. बॉक्स नुसत्या हाताने इंजिनाला भिडला. कन्व्हर्टर आत बोटाने मोकळा फिरत होता.

सगळं आवळून, तेल भरून होईतो चार वाजले. मघाशी ते दोन बोल्ट आवळताना खाचेत न बसलेला कन्व्हर्टर दाबून पंपाला तडा गेला असेल तर गिअर पडूनही गाडी हलणार नव्हती. हे लाहूचा चेहराच सांगत होता. त्याने इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला. गाडीने एक श्वास घेतला आणि हळूच मागे सरकली. माझा जीव भांड्यात पडला.

पडला तोच धाडकन ब्रेक लागला. लाहूचं कपाळ स्टिअरिंगवर आपटायचं राहिलं. त्याने क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबला होता. सावरून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"अरे, तो पाय विसर!" मी म्हटलं. "या गाडीत त्याला काही काम नाही."

"वीस वर्सांची सवय काकी, कशी विसरंल?" तो दार उघडून उतरला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "ट्रायल तुम्हीच घ्या. मी बाजूला बसून बघतो."

आजवर कुठल्या गॅरेजवाल्याने मला ट्रायल घ्यायला सांगितली नव्हती. मुलगा आल्यावर बघू, असंच सगळे म्हणत. मी कुबडी मागच्या सीटवर टाकली आणि बसले.

उधव्याच्या रस्त्याला लागले. गाडी पहिल्यातून दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, एकदाही न अडखळता. लाहू माझ्या उजव्या पायाकडे टक लावून बघत होता. एवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मी मानेने खूण केल्यावर त्याने तो काढून कानाला लावला. पलीकडे प्रितेशच, विचारत होता, आईला न्यायला येऊ का.

"काकी आता गाडी चालवतायत," लाहू म्हणाला. "मागाहून फोन करा."