रेघेबाहेरचा ठिपका

ठिपका बाहेर राहिला होता. उजव्या टोकाचा, पायरीला लागून असलेला, तांदळाच्या पिठाचा इवलासा ठिपका — आणि रेघ त्याच्या शेजारून वळून परत आत गेलेली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाळावं तशी. तेन्मोळी दारात उभी राहून बघत होती. हातातली कॉफी निवत चालली होती. कोलममधला, दारातल्या त्या रांगोळीतला, एकही ठिपका सुटता कामा नये, सगळ्यांना वळसा घालून रेघ जिथून निघाली तिथंच परत यायला हवी... हे तिला सासूनंच शिकवलं होतं, अत्तैनं, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, याच दारात, मनगट धरून.

आणि आता गेले सतरा दिवस रोज एक. कधी डावीकडचा, कधी हा. अत्तै कोलम घालून आत गेली की तेन्मोळी पिठाची वाटी घ्यायची, वाकायची, जरा रेघ पुसून ठिपक्याला आत घ्यायची आणि काहीच न झाल्यासारखी इडलीचं भांडं चढवायची. आज तिनं वाटीला हात लावला नाही. आज दुसऱ्या कुणाला तरी दिसू दे. दिसलं, तर मला बोलावं लागणार नाही.

कारण दहाच्या बसनं अत्तै मदुरैला निघणार होती. लेकीचं, पूंगोदैचं, दुसरं बाळंतपण. बाळ नऊ दिवसांचं. त्याला पायांवर घेऊन गरम पाण्यानं न्हाऊ घालायला अत्तैच हवी, असं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि अत्तै आठवडाभर गुणगुणत पिशवी भरत होती. त्याच आठवड्यात मंगळवारी तिनं रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवला आणि फुलं ओवत बसली. तेन्मोळीनं तो बंद केला. त्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडली गेली होती, आणि अख्ख्या घरानं बुधवार हा गुरुवार म्हणून काढला... म्हणजे काढलाच असता, तिनं नवऱ्याला, इळंगोला, दाखवलं नसतं तर.

"पानं चिकटली असतील गं," तो दाढी करता करता म्हणाला होता. "तुला ना, वाफाळत्या इडलीतसुद्धा खडा सापडेल. वय झालंय अम्माचं. सारखी खुसपटं काय काढायची?"

खुसपटं. हा शब्द तिला लहानपणापासून चिकटलेला. चित्राची चौकट वाकडी आहे, शिंप्यानं एक काज वर घेतलंय — दिसलेलं न दिसल्यासारखं कसं करायचं, ते तिला कुणी शिकवलंच नाही. आणि एकदा, अकरा वर्षांची असताना, मांडवात, मामाचं नादस्वरम्, ती लांब सनई, ऐकता ऐकता तिनं मोठ्यांदा विचारलं होतं, मामाचं हे बोट उशिरा का पडतं? शेजारी मामाला लग्नांची सुपारी देणारे दोन यजमान बसले होते. त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं... त्या हंगामानंतर मामाला बोलावणं आलं नाही. तो ओट्यावर बसून राहायचा, वाद्य मांडीवर, आणि ती समोरून गेली की हसायचा. रागावला असता तर बरं झालं असतं. मी खरं बोलले होते. बोट उशिराच पडत होतं.

दूधवाला आला, कॅन ठेवला, गेला. समोरची चेल्लम झाडू हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "कोलम बघावं तर तुमच्या दारातलं. आमच्या सुनेची रेघ म्हणजे गोगलगाय." इळंगोनं स्कूटर बाहेर काढली, पुढचं चाक ठिपक्यापासून चार बोटांवर थांबलं. त्यानं खाली बघितलं आणि टायर दाबून पाहिला.

"हवा कमी वाटते," तो म्हणाला. "भरून आणतो."

तो गेला. ती अजून दारातच. सांगावं, तर त्या भरलेल्या पिशवीतून एकेक झबलं परत काढावं लागेल, उद्या चुलीपासून उठवतील, परवा दारापासून, आणि मग अत्तै ओट्यावर बसून हसेल. न सांगावं, तर नऊ दिवसांचं बाळ आणि कढत पाणी... मागून फुलांचा वास आला. अत्तै नवी साडी नेसून शेजारी उभी होती, खाली बघत.

"आज आत घेतलं नाहीस त्याला?"

"तुम्हाला... माहीत होतं?"

"तुझी रेघ जाड पडते. पहिल्यापासून." अत्तैनं पदर खोचला. "ठिपका दिसतो गं मला. बाहेर राहिलाय हेही दिसतं. त्याच्यापर्यंत कुठून जायचं, तेवढंच सुचत नाही. मग म्हटलं, तू आहेस."

"आणि तिकडे?"

"पाणी मी कोपरानं बघते, मुली. डोक्यानं नाही." ती हसली, मग हसू ओठांवरच विसरल्यासारखं राहिलं. "इळंगोला मी नाही सांगणार. माझ्यानं होणार नाही."

स्कूटर परतली. घाई, पिशवी, पाण्याची बाटली, फुलं नीट कर. अत्तै मागे बसली, एका बाजूला पाय सोडून. आणि तेन्मोळीला दिसलं — दिसणारच होतं — एका पायात अत्तैची चप्पल, दुसऱ्यात तेन्मोळीची. दोन्ही तपकिरी. बघायचंच झालं तर फक्त बक्कल वेगळं.

"अहो, थांबा जरा."

"आता काय चुकलं?" इळंगोनं मान न वळवता विचारलं.

चप्पल घाईत बदलली होती, की... तिनं वर पाहिलं. अत्तै पायांकडे बघत नव्हती. ती तेन्मोळीकडे बघत होती, स्वस्थपणे, पहाटे वाटी पायरीवर ठेवून आत वळताना बघायची तशी. हे बघणं आपण इतके दिवस पाहूनही पाहिलं नव्हतं, हे तेन्मोळीला तेव्हा कळलं. मांडवातल्या त्या मुलीला काय दिसतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलंय.

इंजिन सुरूच होतं. ती पायरी उतरून स्कूटरजवळ गेली, आणि पहिलं वाक्य चपलेचं म्हणावं की ठिपक्याचं, हे तिचं तिलाच अजून ठरवता आलं नव्हतं.